मकरंद आणि तेल : एका उपेक्षित शोधाचा इतिहास



तेलाची गोष्ट निघाली की आपल्या मनापुढे घाणा येतो, पेंड येते, आणि महिनाअखेरीस तर वाण्याची यादीही येते. फूल मात्र येत नाही. मोहरीची फोडणी, तिळाचे लाडू, कारळ्याची चटणी, करडईचे तेल हे सारे आपल्या स्वयंपाकघरातले नेहमीचे पदार्थ. पण या प्रत्येक दाण्याच्या आधी एक फूल उमललेले असते, आणि त्यांपैकी पुष्कळ फुलांच्या तळाशी गोड पाण्याचा एक थेंब साठलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तो थेंब आहे. थेंब अगदी लहान. परंतु तो फुलात कशासाठी असतो, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात युरोपातल्या विद्वानांची दीडशेहून अधिक वर्षे गेली, आणि ते उत्तर मिळाल्यावर ते विसरून जाण्याचा मोह आपल्याला अजूनही आवरत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्या बोलण्यात 'मध' हा शब्द फार सैल वापरला जातो. फुलातला तोही मध आणि बाटलीतला तोही मधच. वस्तुतः फुलात असतो तो मकरंद. तो पाण्यासारखा पातळ असतो. साखर विरघळलेले पाणीच म्हणा ना. माशी तो आपल्या पोटातील पिशवीत भरून पोळ्यात आणते. तेथे तिच्या पाचकरसांनी त्यातल्या साखरेची फोड होते, पंखांच्या वाऱ्याने पाणी आटते, आणि मग त्याचा मध होतो. पराग ही तिसरीच वस्तू. ती फुलातील नराची धूळ. ही धूळ स्त्रीकेसराच्या टोकावर पडली म्हणजे बी धरते. मकरंद, मध आणि पराग या तिघांची गल्लत आपणच करतो असे नाही; मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही ती केलेली आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात भ्रमर पराग नेतात आणि कमळाला त्याची वार्ताही नसते, असा एक सुंदर दृष्टान्त आहे. काव्य म्हणून तो अप्रतिम आहे. शास्त्राने मात्र नेमका उलटा प्रश्न विचारला : ज्या फुलाला काही कळतच नाही, त्याने दारात गुळाचा खडा ठेवला तरी कशासाठी?

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनच्या लिनीअसने फुलातल्या या गोड जागेला मकरंदकोश या अर्थाचे नाव दिले. नाव मिळाले, पण प्रयोजन मिळाले नाही. कोणी म्हणे, हा रस कोवळ्या बीजाला ओलावा देण्यासाठी आहे. कोणी म्हणे, ही झाडाची नको असलेली साखर आहे. ती साचून राहिली तर फुलाला अपाय होईल, म्हणून माशी ती काढून नेते हे बरेच झाले. इंग्लंडचा वैद्य आणि कवी इरॅस्मस डार्विन याने असे मानले की, मकरंद हे फुलातील केसरांचे अन्न आहे आणि माशी ते लुटून नेते. म्हणजे माशी एकाच्या मते मोलकरीण तर दुसऱ्याच्या मते दरोडेखोर! कोलरॉयटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १७६१ पासून संकराचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत त्याने कीटक परागाची ने-आण करतात हे ओळखले होते. निरनिराळ्या फुलांतला मकरंद गोळा करून, आटवून, त्याला मधाची चव येते हेही पाहिले होते. परंतु फुलाची सारी घडण या एका कार्यासाठी आहे, हे सूत्र त्याच्या हाती आले नाही.

ते सूत्र हाती आले एका शाळामास्तराच्या. बर्लिनजवळ श्पान्डाउ नावाचे गाव होते. तेथील शाळेचा प्रमुख ख्रिस्टियान कोन्राड श्प्रेंगेल हा भाषा शिकवणारा गृहस्थ. प्रकृती सुधारावी म्हणून वैद्याच्या सल्ल्याने तो रानात हिंडू लागला आणि फुलांच्या नादी लागला. १७८७ च्या उन्हाळ्यात एका रानफुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी त्याला बारीक मऊ केस दिसले. हे केस उगाच नसतील, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने निरखून पाहिले तेव्हा केसांच्या आडोशाला मकरंदाचे थेंब होते. पावसाचे पाणी त्यात मिसळू नये म्हणून हे छप्पर! मग रस राखून ठेवायचा तो कोणासाठी? बीजासाठी असता तर तो आतच ठेवला असता. तो बाहेरच्या पाहुण्यासाठी आहे. मग पाहुण्याला वाट कळावी म्हणून पाकळ्यांवर रेघा आणि ठिपके आहेत; आणि पाहुणा आत शिरताना त्याच्या अंगाला पराग लागावा अशी केसरांची मांडणी आहे. एका केसाच्या टोकाला धरून त्याने सबंध फूल उलगडले.

सहा वर्षे तो शेतात, कुंपणापाशी आणि ओढ्याकाठी फुलांसमोर बसून राहिला. चारशेहून अधिक जातींच्या फुलांचे वर्णन आणि पंचवीस पाने भरून चित्रे असलेला त्याचा ग्रंथ १७९३ साली बर्लिनमध्ये छापून निघाला. त्यात त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. पुष्कळ फुलांत पराग आणि स्त्रीकेसर एकाच वेळी पक्व होत नाहीत. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर जावा, अशीच ही योजना दिसते. ग्रंथाचे स्वागत कसे झाले? विद्वानांनी बहुतांशी पाठ फिरवली. वनस्पतिशास्त्र म्हणजे नावे देणे आणि वर्ग पाडणे, असे मानणाऱ्या त्या काळाला ही माशांची आणि फुलांची गोष्ट पोरकट वाटली. इकडे शाळेकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार होतीच. १७९४ साली त्याला पदावरून दूर करण्यात आले. बर्लिनमध्ये शिकवण्या करून आणि लोकांना वनस्पती दाखवीत त्याने उरलेले दिवस काढले, आणि १८१६ साली तो वारला.

श्रोतेहो, आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे दुसरे, लहानसे पुस्तक अधिक महत्त्वाचे आहे. १८११ साली त्याने मधमाश्यांची उपयुक्तता आणि मधुमक्षिकापालनाची आवश्यकता या विषयावर एक पुस्तिका लिहिली. तिचा मतितार्थ असा की, माशीची खरी कमाई मध आणि मेण ही नव्हे. शेतात आणि बागेत जे बी धरते ती तिची खरी कमाई. आणि म्हणून माश्या पाळण्याची काळजी राज्याने वाहिली पाहिजे. हा विचार आज कृषी विद्यापीठांच्या पत्रकांतून छापला जातो. तो प्रथम मांडणाऱ्याचे नाव त्या पत्रकांत क्वचितच आढळते.

श्प्रेंगेलचा ग्रंथ जवळजवळ अर्धशतक धूळ खात पडला. १८४१ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो चार्ल्स डार्विनला वाचावयास सांगितला. ज्या इरॅस्मसने माशीला लुटारू ठरवले होते, त्याचाच हा नातू. आजोबांचा निवाडा नातवाने फिरवला, पण केवळ मताने नव्हे, तर प्रयोगाने. काही झाडांवर जाळी घालून माश्यांना मज्जाव करावयाचा, काहींना परक्या झाडाचा पराग हाताने द्यावयाचा, आणि मग बियांची, रोपांच्या उंचीची मोजदाद करावयाची, असा हा उद्योग त्याने वर्षानुवर्षे केला. १८७६ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले : परक्या परागापासून झालेली संतती बहुधा उंच, जोमदार आणि अधिक बी देणारी निपजते. श्प्रेंगेलने 'कसे' हे सांगितले होते. 'का' हे डार्विनने सांगितले. परकी धूळ आणून देणाऱ्या हमालाला फूल जी मजुरी देते, ती म्हणजे मकरंद.

सर्वांनाच हे पटले असे मात्र नाही. १८७९ साली फ्रान्समध्ये गास्तों बोनिए याने मकरंदकोशांवर एक मोठा प्रबंध लिहिला आणि हे मजुरीचे गणित नाकारले. त्याच्या मते मकरंदकोश ही झाडाची साखर साठवण्याची कोठारे. त्याचा सिद्धान्त टिकला नाही, परंतु त्याच्या मोजमापांचे महत्त्व कायम राहिले. हवेतील दमटपणा, उष्णता, जमिनीतील ओल यांप्रमाणे मकरंद कमीजास्त होतो, हे त्याने मोजून दाखवले. विरोधकाकडूनही शास्त्राला लाभ होतो, तो असा.

आता आपण तेलबियांच्या शेतात येऊ. तेलबियांचे पीक म्हटले की त्यातील प्रत्येक फुलात मकरंद असेल, असे कोणी समजू नये. निसर्ग एकाच मापाने सर्वांना मोजत नाही. भुईमुगाचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. त्याला पाहुण्याची फारशी गरज नाही. एरंडाची फुले पराग वाऱ्यावर सोडून देतात, म्हणून त्यांत मकरंद नसतो. पण गंमत अशी की, त्याच एरंडाच्या पानाच्या देठावर गोड रसाच्या बारीक गाठी असतात आणि त्यांवर मुंग्या येतात. तिळाच्या फुलाच्या बुडाशी अशाच पिवळसर गाठी दिसतात. ती मुळात न उमललेली फुले होत, त्यांचे मकरंदाच्या ग्रंथींत रूपांतर झालेले असते.

याच्या उलट टोकाला आपला कारळा. नाशिककडे याला खुरासणी म्हणतात. हे पीक मूळचे इथिओपियातले. पावसाळ्याच्या शेवटी डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनी त्याच्या पिवळ्या फुलांनी न्हाऊन निघतात. कारळ्याचे झाड आपल्याच परागाने बी धरीत नाही. परक्या झाडाचा पराग त्याला लागतोच. उत्तरेकडच्या मोहरीवर्गातील तोरियाचीही हीच रीत. सातेरी, फुलोरी आणि आग्या या माश्या त्या दिवसांत या शेतांवर घोंघावत नसतील, तर आपल्या चटणीतला कारळा शेतातच वांझ राहील. आदिवासी शेतकऱ्याच्या वाट्याला जी थोडकी जमीन येते, तिच्या उत्पन्नात रानातल्या मोहोळांचा असा भाग आहे. रानातले मोहोळ जाळून मध काढणारा मनुष्य नुसता मधच नेत नाही. पुढच्या पिकातले बीही नेतो.

मोहरीचे फूल तर या शास्त्राची पाठशाळाच झाले आहे. चार पाकळ्या, सहा पुंकेसर. त्यांतले चार लांब, दोन आखूड. तळाशी मकरंदाच्या चार ग्रंथी. पाहणाऱ्याला वाटावे की चौघी सारखेच काम करीत असतील. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काटेकोर मोजणी झाली तेव्हा दिसून आले की, आखूड केसरांच्या बुडाशी असलेल्या दोन ग्रंथीच जवळजवळ सर्व मकरंद पुरवतात. उरलेल्या दोघी नावालाच आहेत. माशीला हे ठाऊक असते. ती नेमकी तिकडेच सोंड घालते. श्प्रेंगेलने पाहिलेल्या वाटखुणांचा पुरावाही याच काळात भक्कम झाला. कार्ल फॉन फ्रिश आणि त्याच्या समकालीनांनी दाखवले की माशीला तांबडा रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारे जांभळ्यापलीकडचे किरण दिसतात. आपल्याला सबंध पिवळे भासणारे मोहरीचे फूल तिला मधोमध काळोखी असलेल्या लक्ष्यासारखे दिसते. फ्रिशला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शाळामास्तराच्या रेघा आणि ठिपके शेवटी राजदरबारी रुजू झाले.

मकरंद झिरपतो कसा, हे कोडे मात्र २०१४ पर्यंत पुरते सुटले नव्हते. पानात तयार झालेली साखर झाडाच्या रसवाहिन्यांतून ग्रंथीपर्यंत येते. ती पेशीबाहेर कोण ढकलते? अमेरिकेतील कार्नेगी संस्थेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी पेशीच्या पटलातला तो दरवाजा दाखवून दिला. हा एक प्रथिनाचा रेणू आहे. मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपात तो निकामी केला तेव्हा फूल उमलले, पण मकरंद आला नाही. साखर बाहेर पडली की पाणी तिच्या मागोमाग येते, आणि तेथील पाचकद्रव्य साखरेची द्राक्षशर्करा आणि फलशर्करा अशी फोड करते. मोहरीच्या मकरंदात द्राक्षशर्करा भरपूर असते, आणि म्हणून मोहरीचा मध लवकर थिजतो. बाटलीतला मध रवाळ झाला की आपल्याकडे पुष्कळ लोक वाण्यावर भेसळीचा आळ घेतात. मध थिजला एवढ्यावरून तो भेसळीचा ठरत नाही. कित्येकदा तो केवळ मोहरीच्या फुलाचा स्वभाव असतो.

आता सूर्यफुलाकडे वळू, कारण या इतिहासाला आपल्या महाराष्ट्रात जो धडा मिळाला तो सूर्यफुलाने दिला. हे झाड उत्तर अमेरिकेतले. तेथील मूळ रहिवाशांनी ते लागवडीस आणले. सोळाव्या शतकात ते स्पेनमध्ये आले आणि दीर्घकाळ बागेची शोभा म्हणूनच राहिले. त्याच्या बियांतून तेल काढण्याचा एकाधिकार इंग्लंडमध्ये १७१६ साली नोंदला गेला. पण तेलाचे पीक म्हणून त्याला खरी प्रतिष्ठा रशियात मिळाली. तेथे १८२९ साली बोकारेव्ह नावाच्या शेतकऱ्याने त्याचे तेल काढले, आणि पुढे विसाव्या शतकात पुस्तोव्हॉइत या शास्त्रज्ञाने निवड करकरून बियांतील तेलाचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते पन्नासच्या घरात नेले. ही रशियन वाणे १९६९ साली भारतात आली. मराठवाड्यात, सोलापूरकडे शेते पिवळी झाली.

सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे. ती शेकडो, कधी हजाराहून अधिक, लहान फुलांची पंगत आहे. ही फुले कडेकडून मध्याकडे आठवडाभर उमलत जातात. प्रत्येक लहान फूल पहिल्या दिवशी पराग देते आणि दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसर उघडते. मकरंद दोन्ही दिवशी. अशी व्यवस्था असल्यावर माशीवाचून भागणार कसे? त्या जुन्या वाणांत आपल्याच परागाने बी धरण्याची ताकद फार थोडी होती. पीक दिसायला डौलदार, पण कापणीला फुलाच्या मध्यभागी पोकळ दाणे, असा अनुभव शेतकऱ्यांना आला. मग सल्ला देण्यात आला की, सकाळच्या वेळी हाताला मऊ कापड गुंडाळून एकेका फुलावरून तळवा फिरवावा. सल्ला अगदी शास्त्रशुद्ध होता. पण विचार करा : एका एकरात हजारो फुले, आणि एकाआड एक दिवस प्रत्येकावरून हात! जे काम माशी मकरंदाच्या एका थेंबावर करते, ते माणसाने रोजंदारीवर करून घ्यावयाचे. मकरंदाची खरी किंमत काय, याचा हिशेब यापेक्षा स्वच्छ कोणता मांडणार? पुढे संकरित वाणे आली. १९८० साली बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने भारतातले पहिले संकरित सूर्यफूल दिले. ही वाणे आपल्या परागाने पुष्कळसे बी धरतात. पण त्यांचे बियाणे तयार करावयाचे तर नराच्या ओळीतला पराग मादीच्या ओळीवर न्यावा लागतो, आणि तेथे पुन्हा माशीच लागते. हेक्टरी चार-पाच मधुपेट्या ठेवाव्या, ही शिफारस त्यातूनच आली. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी पुण्यात १९६२ साली केंद्रीय संस्था निघाली, ती या दृष्टीने किती समयोचित होती हे यावरून कळेल.

येथवर ही विजयाची कथा झाली. आता तिच्यातली काळजीची बाजू सांगितली पाहिजे. मकरंद झाडाच्या रसातून होतो, हे आपण पाहिले. मग जे औषध झाडाच्या रसात भिनते ते मकरंदात उतरणार, हे ओघानेच आले. १९९० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये बियाण्याला चोळून पेरावयाची अशी कीटकनाशके सूर्यफुलात वापरली जाऊ लागली. बियाण्याबरोबर ती रोपात, रोपातून फुलात जात. मधपाळ सांगू लागले की, सूर्यफुलाच्या हंगामात माश्या वाट चुकतात, पोळ्यात परतत नाहीत. उत्पादकांचे म्हणणे वेगळे होते. रोगराई, पोळ्यातील गोचिडी आणि चाऱ्याचा अभाव ही कारणे त्यांनी पुढे केली, आणि त्यांतही काही तथ्य होते. वाद चालला, पण १९९९ साली फ्रेंच सरकारने सूर्यफुलाच्या बियाण्यावर हे औषध वापरण्यास स्थगिती दिली. २०१३ साली युरोपीय संघाने या वर्गातील तीन औषधांवर, माश्या ज्यांवर जातात अशा पिकांपुरते निर्बंध घातले, आणि २०१८ साली उघड्या शेतात त्यांचा वापर बंदच केला.

आपल्याकडे प्रश्न थोडा निराळा आहे. मोहरीवर मावा पडतो, सूर्यफुलावर अळी पडते, आणि शेतकऱ्याने फवारणी करूच नये असे शहरात बसून सांगणे सोपे आहे. त्याचे कर्ज कोणी फेडणार नाही. पण फवारणी फुलोऱ्यात करू नये, करणे भागच पडले तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी, एवढे पथ्य पाळता येण्याजोगे आहे, आणि ते कृषी खात्यानेही सांगितलेले आहे. किडीबरोबर माशी मेली तर रोप वाचेल आणि दाणा पोकळ निघेल. तेलही गेले, तूपही गेले आणि हाती धुपाटणे आले, अशी मग गत व्हायची. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. ही तूट भरून काढण्यासाठी १९८६ साली तेलबियांची राष्ट्रीय मोहीम निघाली आणि त्यानंतरही योजना निघत राहिल्या. त्यांत बियाणे असते, खत असते, पाणी असते. माशीसाठीही एक ओळ असावी, एवढेच श्प्रेंगेलने १८११ साली मागितले होते.

कोणी विचारील, आम्ही नगरवासी, आमचे शेत नाही, आम्ही यात काय करावे? आपण तेलाचे गिऱ्हाईक आहोत, आणि गिऱ्हाइकाचे अज्ञान हेही एक कारण असते. इमारतीच्या गच्चीखाली मोहोळ लागले की आपण घाबरून धूर आणि औषधाचा फवारा मागवतो. आग्या मोहोळाची भीती खोटी नाही. पण माहीतगार माणसाकडून ते रात्री काढवून दूर नेता येते, हेही खरे आहे. रवाळ मधावर संशय घेण्यापूर्वी तो कोणत्या फुलाचा आहे हे विचारता येते. आणि मुलांना फूल दाखवताना त्याचे नाव सांगून न थांबता, याच्या तळाशी काय आहे ते पाहा, असे सांगता येते. श्पान्डाउच्या त्या मास्तराने तरी दुसरे काय केले? एका फुलाच्या बुडाशी असलेले केस उगाच नसतील, एवढा विश्वास त्याने धरला. त्याच्या गावाने त्याची शाळा काढून घेतली. पण त्याने शिकवलेला पाठ आपल्या फोडणीच्या तेलापर्यंत येऊन पोहोचला आहे. तो पुसला जाणार नाही एवढी दक्षता आपण घ्यावी, अशी विनंती करून आपली रजा घेतो.